तीन मिनिटांची परीक्षा

६ जानेवारी

ताई,

हा कागद शाळेचा नाही, एवढं आधी बघून घे. वर शिक्का नाही, जावक क्रमांक नाही आणि अक्षर माझंच आहे. न वाचताच फाडायचा विचार असेल तर आता उशीर झालाय, तीन वाक्यं वाचून झाली तुझी.

सहा वर्षं आपण बोललो नाही. त्यावर आज काही लिहायचं नाही. माझं काम वेगळं आहे आणि ते शाळेचंच आहे.

आमची पालक पुस्तिका तुला आठवत असेल. विसरायला तू काही मोठ्या मनाची नाहीस. बावीस पानं, सगळी मी लिहिलेली. किती हजेरी हवी, गृहपाठ कोणी करायचा आणि कोणी करू नये, पालकसभेला किती वेळा यायचं, घरी रोज वीस मिनिटं मुलाकडून मोठ्याने वाचून घेऊन वाचनवहीत सही कशी करायची. शेवटच्या पानावर हमीपत्र. बारा वर्षं ती पुस्तिका चालली, आणि चांगली चालली. शाळा समितीने आता ती नव्याने लिहायला सांगितली आहे. मीच लिहिणार, दुसरं कोण लिहिणार?

नववा नियम तसाच ठेवायचा माझा विचार आहे. वर्षाच्या शेवटी मुलासमोर एक पान ठेवायचं, तीन मिनिटं द्यायची. आपल्या इयत्तेचं पान वाचता आलं नाही तर मूल त्याच वर्गात राहील. हजेरी ऐंशी टक्क्यांच्या खाली असेल तर दुसरी संधी नाही. नियम कडक आहे, पण बरोबर आहे, असं मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते.

फक्त समितीला आकडे लागतात. या नियमाखाली मागे राहिलेल्या मुलांचं पुढे काय झालं, हे मी गोळा करते आहे. अकरा मुलं होती, दहांचं कळलं. अकरावी तुझ्याकडे आहे. टिल्लीचं वाचन आता कसं आहे, एवढं कळव. दोन ओळी पुरेत.

या वर्षी एक गंमत झाली. दोनशे चौदा हमीपत्रं घरोघरी गेली. दोनशे तेरा सही होऊन परत आली, एक कोरं आलं. बारा वर्षांत पहिल्यांदाच. इस्पितळाच्या लॉन्ड्रीत काम करणारा एक गृहस्थ आहे, मुलगी तिसरीत. त्याला बोलावलंय.

तुझी धाकटी


२३ जानेवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे, मीही चिवट आहे. एका आईच्या पोटच्या आपण.

लॉन्ड्रीवाला येऊन गेला. उंच माणूस, हात कोपरापर्यंत वाफेने लाल झालेले. मला वाटलं, फॉर्म हरवला असेल नाहीतर वाचायचा राहिला असेल. मी दुसरा पुढे सरकवला, पेनही दिलं.

"हरवला नाही बाई," तो म्हणाला. "वाचला. दोनदा वाचला. म्हणून सही केली नाही."

"का बरं?"

"यात लिहिलंय, मी रोज वीस मिनिटं मुलीकडून वाचून घेईन. मी घेणार नाही. माझी पाळी दुपारी दोनला सुरू होते. मी घरी येतो तेव्हा ती झोपलेली असते. तिची आई लांबच्या गाडीवर कंडक्टर, तिसऱ्या दिवशी घरी. पोरगी संध्याकाळी शेजारच्या आजींकडे, त्यांना दिसत नाही. मग वाचून घेणार कोण?"

"अहो, थोडं इकडे तिकडे चालतं," मी म्हटलं. मुख्याध्यापिका मी, बावीस पानांची लेखिका, आणि हे वाक्य माझ्या तोंडून गेलं.

"मग तसं लिहा ना," तो म्हणाला. "इथे 'रोज' लिहिलंय."

उद्धटपणा नव्हता ताई, तो असता तर मी पाच मिनिटांत सरळ केला असता. तो अगदी साधेपणाने सांगत होता, की लॉन्ड्रीत ज्या गाठोड्यावर सही करतो ते त्याने स्वतः मोजलेलं असतं. न मोजता सही केली तर एखाद्या रोग्याला चादर मिळत नाही.

मी त्याला म्हटलं, सही नसेल तर मुलीचं नुकसान आहे. तो म्हणाला, "खोट्या सहीने तिचा काय फायदा होतो ते सांगा, करतो." मग घड्याळ बघून, नीट नमस्कार करून निघून गेला. कोरा कागद माझ्या टेबलावर तसाच.

टिल्लीचं कळव.


७ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. "ती वाचते. तुझ्या तक्त्यात भरायला माझी मुलगी नाही." आठ शब्द. शाळेत असतानाही तू निबंध असाच लिहायचीस.

तक्त्यात तिची ओळ मी कोरी सोडली आहे. आता हे तक्त्यासाठी लिहीत नाही.

लॉन्ड्रीवाल्याचं बोलणं माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून मी त्याच्या मुलीला बघायचं ठरवलं. तिला सगळे ठकी म्हणतात. लाकडी बाहुलीसारखीच आहे, गोल डोळे, तोंड मिटलेलं. तिसरीच्या बाईंना मी म्हटलं, वाचनवही आणा. वही कोरी, सही एकही नाही. बापाचा प्रामाणिकपणा! पण पहिली, दुसरीच्या प्रगतिपुस्तकात वाचनापुढे "चांगले" लिहिलेलं.

ठकीला माझ्या खोलीत बोलावलं आणि पुस्तक उघडून दिलं. घडाघडा वाचलं तिने. कुठे अडखळणं नाही. मी मनात म्हटलं, बघा, उगाच शंका घेतली. तेवढ्यात फोन वाजला, वाऱ्याने पुस्तकाची दोन पानं उलटली आणि ठकी तशीच वाचत राहिली. आधीचंच पान, ताई. डोळे पुस्तकावर आणि तोंडात पाठ केलेला धडा.

मी फोन ठेवला. पुढ्यातल्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हा शब्द कोणता?"

तिने बोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि जे तोंड मिटलं ते मिटलंच.

अडीच वर्षं. वर्गात शेजारच्या मुली मोठ्याने वाचतात ते ऐकून हिने सगळी पुस्तकं पाठ केली होती, आणि परीक्षेचं पानही त्यातलंच असायचं. किती हुशार डोकं असेल! आणि आम्ही शिकलेल्या बायका "चांगले" लिहीत बसलो.

परवा पालकसभा होती. मी सरळ विचारलं, "रोज वीस मिनिटं वाचून घेणाऱ्यांनी हात वर करा." सगळ्या हॉलचे हात वर. मग मी कोऱ्या हमीपत्राची गोष्ट सांगितली, नाव न घेता. परत म्हटलं, "आता खरं सांगा, कोणालाही काही म्हणणार नाही." मागच्या रांगेतले एक आजोबा उठले. "बाई, मी आठवड्याच्या सह्या रविवारी एकदम करतो. संशय नको म्हणून पेनं दोन वापरतो."

असा हशा पिकला की विचारू नकोस. दुसऱ्यांदा हात मोजले. एकोणीस.

मी काही खचले नाही, तू मला ओळखतेस. पण बारा वर्षं मी सह्या जमवल्या, वाचन नाही, हे मात्र त्या दिवशी कळलं.

धाकटी


२७ फेब्रुवारी

ताई,

उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. सांगण्यासारखं आहे आणि सांगायला दुसरं कोणी नाही.

लॉन्ड्रीवाल्याला परत बोलावलं. ठकीला वाचता येत नाही, हे सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटायचं, माझी पोर पुस्तकं खाते. सुट्टीच्या दिवशी मला एवढं वाचून दाखवते." चेहरा असा झाला की मला दुसरीकडे बघावं लागलं.

"मला काय जमेल ते सांगतो," तो म्हणाला. "संध्याकाळ माझी नाही. सकाळ आहे. शाळा भरायच्या अर्धा तास आधी तिला आणून सोडेन. एक दिवस चुकणार नाही. शिकवायचं मात्र तुम्ही बघा."

टेबलावरचं कोरं हमीपत्र त्याने घेतलं, छापील ओळी खोडल्या, खाली हेच लिहिलं आणि सही केली. मोजून केलेली सही.

शिकवणार कोण? तिसरीच्या बाईंचं तान्हं बाळ आहे, त्या लवकर येऊ शकत नाहीत. मी म्हटलं, मीच शिकवते. चौदा वर्षांत अक्षरओळख शिकवली नव्हती, पण पोहायला एकदा आलं की आलं, असं वाटलं.

पहिला आठवडा पालथ्या घड्यावर पाणी. मी एक शब्द सांगायचे, ती पाठ करायची. शेवटी तिसरीच्या बाईंनी दारातून बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "रागावू नका बाई, पण तुम्ही टेबलापलीकडून चष्म्यावरून बघता ना, तेव्हा मोठी माणसंसुद्धा श्वास धरून बसतात. शेजारी बसून बघा."

राग आला. आला तो गिळला. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या छोट्या बाकावर ठकीशेजारी बसले. गुडघे अडकले ते अडकलेच, घंटा झाल्यावर शिपाईमावशींनी ओढून बाहेर काढलं. ठकी हसली. पहिल्यांदा.

मग मला सुचलं की हिला पाठ नसलेलं काहीतरी हवं. चित्र नसलेलं, यमक नसलेलं. तिच्या आईकडून गाडीच्या थांब्यांची यादी मागवली. आई कुठल्या मार्गावर जाईल ते दर आठवड्याला बदलतं, म्हणून यादीही नवी. जुना पूल. पाण्याची टाकी. कापड गिरणी. नदीवळण. ठकी बोट ठेवते आणि एकेक अक्षर सोडवते, कारण आई आत्ता कुठे असेल ते तिला हवं असतं. काल "पाण्याची टाकी" वाचायला चार मिनिटं लागली. वाचून झाल्यावर घड्याळाकडे बघून म्हणाली, "आता तिथेच असेल."

मी घड्याळ लावलं नव्हतं. चार मिनिटं हे नंतर लक्षात आलं.

माझं बरं चाललं आहे. तुझे डोळे कसे आहेत?


१५ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं. चार पानं. बारीक अक्षर, ओळी सरळ. डोळे बरे आहेत हे त्यावरूनच कळलं.

ते मी तीनदा वाचलं. तू लिहितेस, टिल्ली त्याच वर्गात राहिली याचा राग तुला नव्हता. एखादं वर्ष मागे पुढे, काय एवढं. आणि मग ते दुसरं लिहितेस, की शाळेचं छापील पत्र आलं त्या दिवशी दुसऱ्या ऑपरेशनची पट्टी तुझ्या डोळ्यांवर होती. भाऊजी बाहेरगावी. पाकीट टिल्लीने उघडलं आणि तुला मोठ्याने वाचून दाखवलं. "आपल्या पाल्यास इयत्तेनुसार वाचन येत नसल्यामुळे." सात वर्षांच्या पोरीने तो अख्खा कागद वाचला, "जावक क्रमांक" सकट, आणि शेवटी विचारलं, "आई, पाल्य म्हणजे कोण?"

यावर काय लिहू? मी मुख्याध्यापिका आहे, मला नेहमी काहीतरी लिहिता येतं. आज शाई दोनदा वाळली.

आता माझं ऐक. इतकी वर्षं मी म्हणत आले, तुझ्या ऑपरेशनचं आणि टिल्लीच्या गैरहजेरीचं काही नातं आहे हे मला माहीत नव्हतं. तू सांगितलं नाहीस, मी कशी ओळखणार? सगळ्यांना हेच सांगितलं. स्वतःलाही.

ते खोटं आहे. मला माहीत होतं.

पहिल्या ऑपरेशननंतर मी तुला बघायला पंधरा मिनिटं आले होते. शाळेच्या दिवशी, मधल्या सुट्टीत. दार टिल्लीने उघडलं. हातात तुझ्या डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली होती. मला बघून ती बाटली तिने पाठीमागे लपवली. मी काही विचारलं नाही. परत जाऊन मी मस्टरमध्ये तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण बघितली आणि मस्टर मिटलं. एकेचाळीस दिवस भरले, आणि त्यातला प्रत्येक दिवस कुठे गेला हे मला ठाऊक होतं.

तेव्हा शिक्षकांच्या खोलीत कुजबुज होती. "बाईंची भाची आहे, परीक्षेत काही का होईना, वर ढकलतील. आपला तो बाळ्या." मी दाराबाहेर उभं राहून ऐकलं होतं. म्हणून टिल्लीची परीक्षा मी स्वतः घेतली, सगळ्यांना दिसेल अशी. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने तोंडच उघडलं नाही. तीन मिनिटं झाली, मी शून्य लिहिलं. मला वाटलं, एवढ्या गैरहजेरीनंतर येणार तरी कसं? आणि खरं सांगू, थोडं बरंही वाटलं. आता कोणी काही म्हणू शकणार नव्हतं.

संध्याकाळी तुझ्या घरी येऊन सांगता आलं असतं. तेव्हा तुमचं घर दोन गल्ल्या सोडूनच होतं. मी छापील पत्र पाठवलं, कारण तुम्हा दोघींपैकी कोणी रडलं तर मला ते बघायचं नव्हतं.

याला चूक म्हणतात ताई. माझी. त्यात नियमाचा काही दोष नाही.

धाकटी


१० एप्रिल

ताई,

ठकीची परीक्षा परवा झाली. मी घेतली नाही, तिसरीच्या बाईंनी घेतली, शेजारी बसून, घड्याळ न लावता. दुसरीचं पान तिने वाचलं. हळू, पण स्वतः वाचलं, आणि काय वाचलं ते सांगितलंही. तिसरीचं पान अर्ध्यावर अडलं. चौथीचा इतिहास, भूगोल तिच्या आवाक्यातला नाही.

दोन महिन्यांत शून्यापासून इथवर, हे काही थोडं नाही. वर ढकलावं, असं मला फार वाटलं. बापाच्या सचोटीखातर, आणि थोडं माझ्या मनाच्या समाधानासाठीसुद्धा. पण तिसरीच्या बाई आणि मी दोघींनी तासभर बसून विचार केला. वर गेली तर तिला परत पाठ करणं भाग पडेल. त्यात ती तरबेज आहे. आम्ही ठरवलं, आणखी एक वर्ष तिसरी, त्याच बाई, आणि सकाळचा अर्धा तास तसाच.

कारकुनाने सवयीने छापील पत्र टंकून आणलं. मी ते परत दिलं आणि बापलेकीला बोलावलं. आई कालच गाडीवरून परतली होती, गणवेशातच आली. बाक लावून आम्ही सगळे एका रांगेत बसलो.

मी ठकीलाच सांगितलं, "ठके, तू खूप शिकलीस. पण चौथीचं पुस्तक तुला अजून वाचता येणार नाही. म्हणून पुढच्या वर्षी तू तिसरीतच बसणार आहेस."

"आणि माझ्या मैत्रिणी?"

"त्या चौथीत जातील."

ती रडली. हुंदके देऊन, नाक पुसत, आईच्या मांडीत तोंड घालून. मला वाटलं होतं दोन मिनिटं रडेल, पुष्कळ वेळ रडली. बाहेर समितीचे अध्यक्ष येऊन बसले होते, शिपाईमावशी दोनदा डोकावल्या. मी उठले नाही. समजूतही घातली नाही. रडण्यासारखंच होतं ते.

बाप म्हणाला, "बाई, तुमचं म्हणणं पटतं. आवडत नाही, पण पटतं."

"मलाही आवडलेलं नाही," मी म्हटलं.

रडून झाल्यावर ठकीने विचारलं, "मग उद्या सकाळी यायचं का?"

"यायचं."

आज सकाळी आली. बापाने वेळेवर सोडली. डोळे सुजलेले होते, यादी हातात होती.

पुस्तिका समितीने मंजूर केली. आता ती नऊ पानांची आहे. हमीपत्रावर छापील वचनं नाहीत, कोरी जागा आहे. "आम्हाला हे जमेल" एवढंच वर छापलं आहे. दोन पेनांच्या आजोबांनी लिहिलंय, "रविवारी दोन तास वाचून घेईन. सही एकच करीन." एका आईने लिहिलंय, "मोह झाला तरी गृहपाठ मी करून देणार नाही." नववा नियम आहे, पण त्याला दोन ओळी जोडल्या. जिचं मुलाशी नातं आहे तिने त्याची परीक्षा घ्यायची नाही. आणि निर्णय पत्राने कळवायचा नाही, समोर बसून सांगायचा.

मग जे दुसऱ्यांना लावलं ते मलाही लागू आहे. पंचवीस तारखेला, शनिवारी, सकाळच्या गाडीने मी तुझ्याकडे येते आहे. दार उघडायचं की नाही हे तू ठरव. मी आधी टिल्लीशी बोलणार, मग तुझ्याशी.


२६ एप्रिल

ताई,

काल तुझ्या घरी जे झालं ते तुला माहीतच आहे, ते परत लिहीत नाही. तू दार उघडलंस, "वाळलीस गं," म्हणालीस आणि परत शिवणाच्या मशीनवर जाऊन बसलीस. चहा मात्र माझ्या आवडीचा, साखर कमी असलेला केलास. तेवढ्यावर मी वर्षभर निभावीन.

जे तू पाहिलं नाहीस तेवढंच लिहिते.

टिल्ली मला सोडायला थांब्यापर्यंत आली, दप्तर पाठीलाच होतं. आता तिला टिल्ली कोण म्हणेल, माझ्याहून वीतभर उंच झालीये. घरी तुझ्यासमोर माझी जीभ उचललीच गेली नव्हती. बाकावर बसल्यावर मी तिला सगळं सांगितलं. बाटलीचं, मस्टरचं, कुजबुजीचं. म्हटलं, तुला वाचता येतंय का हे मी नीट बघितलंच नाही, आणि मला माफ कर.

ती चपलेने जमिनीवर रेघा काढत होती. मग म्हणाली, "मावशी, मला त्या दिवशी सगळं पान येत होतं."

"मग वाचलं का नाहीस गं?"

"वाचायच्या आधी म्हणायचं असायचं ना, 'नमस्कार बाई, मी वाचू का?' सगळ्या मुली तसंच म्हणायच्या. पण तू तर मावशी. बाई म्हटलं तर तुला वाटेल, ही मला परकी समजते. मावशी म्हटलं तर बाकीच्या बाईंसमोर तुला आवडणार नाही. काय म्हणू, काय म्हणू, हाच विचार करत होते मी. तेवढ्यात तू घड्याळ बघितलंस आणि वहीत काहीतरी लिहिलंस."

ताई, तीन मिनिटं ती पोर माझीच काळजी करत उभी होती.

गाडी आली. टिल्ली म्हणाली, "अगं मावशी, चढ, सुटेल." मी चढले नाही. गाडी सुटली. पुढची पाऊण तासाने होती. मग तिने दप्तरातून तिच्या आठवीचं पुस्तक काढलं, एक धडा उघडला आणि मला विचारलंसुद्धा नाही, वाचायलाच लागली. चांगलं वाचते. जोडाक्षरांवर किंचित घाई करते, ते मी सांगितलं. "झाली का सुरू?" म्हणाली, आणि तो शब्द परत, नीट वाचला.

ती घरी उशिरा आली म्हणून तू ओरडली असशील. ओरडू नकोस. पाऊण तास ती माझ्याजवळ होती.

तुझी धाकटी